मामांनी आणलेली बाटली

पत्र सांगली जिल्ह्यातून आलं आहे. नाव-गाव काढून, थोडं कापून देते.

"आई ५८ वर्षांची. डाव्या स्तनाचं ऑपरेशन झालं, आता दर मंगळवारी पॅक्लिटॅक्सेलची केमो चालू आहे. बारापैकी चार झाल्या. केस गेले, बोटांना मुंग्या येतात, तोंडाला चव नाही. मागच्या आठवड्यात मामा गवती चहाच्या तेलाची बाटली घेऊन आले. १५ मिलि, बाराशे रुपये. सोबत व्हॉट्सॲपवरचा मेसेज : इस्रायलच्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय, गवती चहाने कॅन्सरच्या पेशी मरतात. रोज अनशापोटी पाच थेंब कोमट पाण्यात. आईने दोन दिवस घेतलं, छातीत जळजळलं म्हणून मी बंद केलं. मामा रुसलेत. आई म्हणते, 'झाडपाल्याचं आहे गं, केमोसारखं विष नाही. याने गुण आला तर उरलेल्या आठ नकोतच.' मी बी.एस्सी. केलंय, म्हणून मेसेज खोटा ठरवायला बसले, तर तो शोधनिबंध खरंच निघाला! आता काय करू? तेल देऊ का? डॉक्टरांना अजून सांगितलेलं नाही. रागावतील अशी भीती वाटते."

तेल बंद केलंत ते योग्यच केलंत, आता ते बंदच राहू द्या. आणि डॉक्टरांना सांगायला मंगळवारपर्यंत थांबू नका. उद्या सकाळी केमोच्या डे-केअरला फोन करा. आईने दोन दिवस, रोज पाच थेंब गवती चहाचं तेल पोटात घेतलं, जळजळ झाली, एवढंच सांगा. रागावले तर रागावू देत. ते असल्या गोष्टी रोज ऐकतात. गोमूत्र, गव्हांकुर, सीताफळाचा पाला, कुणाच्या तरी गुरुजींची पुडी, सगळं त्यांच्या टेबलावर येऊन गेलेलं असतं. त्यांना त्रास होतो तो न सांगितलेल्या गोष्टीचा.

आता त्या निबंधाकडे येऊ, कारण तुमची खरी अडचण तिथे आहे. मेसेज साफ खोटा असता तर तुम्ही मामांना चार शब्द सुनावून मोकळ्या झाला असतात.

निबंध खरा आहे. २००५ साली इस्रायलमधल्या बेन गुरियन विद्यापीठाच्या संशोधकांनी तो छापला. गवती चहाला जो लिंबासारखा वास येतो तो सिट्राल नावाच्या पदार्थाचा, आणि तेलात तो साधारण सत्तर-ऐंशी टक्के असतो. हे सिट्राल प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर २२.२५ मायक्रोमोलर, म्हणजे अगदी थोडं, घातलं तेव्हा कॅन्सरच्या पेशींनी स्वतःला संपवायची जी यंत्रणा असते ती चालू केली. बातमी बाहेर पडली आणि तिकडे एका शेतकऱ्याच्या मळ्यावर रुग्णांची रीघ लागली, ताजा गवती चहा द्या म्हणून. मामा एकटे नाहीत, हे त्यांना सांगा. बरं वाटेल त्यांना.

पण निबंधात दोन गोष्टी आहेत ज्या मेसेजमध्ये येता येता गळल्या. एक, त्या पेशी रक्ताच्या कॅन्सरच्या होत्या. स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींवर नंतर दुसऱ्यांनी प्रयोग केले, तो भाग वेगळा. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. संशोधकांनी म्हटलं होतं की हे प्रमाण एक ग्रॅम गवती चहा घालून केलेल्या कपभर चहात असतं तेवढंच आहे. हे वाक्य पुन्हा वाचा. कपात तेवढं असतं, असं ते म्हणतात. प्यायल्यावर रक्तात किती उरतं याबद्दल त्यात अक्षर नाही. सगळा घोळ या एका वाक्याचा आहे.

मी काही वर्षं पेशी वाढवायच्या प्रयोगशाळेत काढली आहेत, म्हणून हा प्रयोग कसा दिसतो ते सांगते. तळहातापेक्षा जराशी मोठी प्लास्टिकची पारदर्शक प्लेट असते. तिच्यात आठ ओळी, बारा रांगा, म्हणजे शहाण्णव बारीक खळगे. आम्ही त्यांना वेल म्हणतो (मांडवावरची नव्हे). प्रत्येक वेलमध्ये काही हजार पेशी आणि त्यांना लागणारं गुलाबी पोषकद्रव्य. ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये रात्रभर ठेवलं की पेशी तळाला चिकटतात. मग एकेका रांगेत तेल घालत जायचं, पहिल्या रांगेत जास्त, पुढे निम्मं, त्याच्याही निम्मं. एक-दोन दिवसांनी एक पिवळा रंग घालायचा. जिवंत पेशी त्या पिवळ्याचा जांभळा करतात, मेलेल्या करत नाहीत. यंत्राने रंग मोजायचा आणि निम्म्या पेशी कुठल्या प्रमाणाला मेल्या तो आकडा काढायचा. १९८३ सालापासून जगभर ही एमटीटी नावाची चाचणी याच पद्धतीने होते. भारतातल्या बऱ्याच प्रयोगशाळा यासाठी लागणाऱ्या पेशी पुण्यात विद्यापीठाच्या आवारातल्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्समधून मागवतात. स्तनाच्या कॅन्सरसाठी बहुतेक वेळा एमसीएफ-७ नावाच्या पेशी वापरतात. १९७० साली अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये एका ६९ वर्षांच्या ख्रिस्ती जोगिणीच्या (ननच्या) छातीत साठलेल्या पाण्यातून घेतलेल्या त्या पेशी पन्नास वर्षांनंतरही वाढतातच आहेत. नावातला सात हा आकडा सातव्या प्रयत्नाचा. आधीचे सहा फसले होते.

प्लेट हातात घेतल्यावर एका बाजूला गडद जांभळं आणि दुसऱ्या बाजूला फिकट दिसलं की काय वाटतं ते मी अनुभवलंय. एम.एस्सी.च्या प्रकल्पात मी ओव्याचं तेल तपासत होते. पहिल्याच प्लेटमध्ये जवळजवळ सगळ्या पेशी गेल्या. रात्री खोलीवर जाऊन घरी फोन केला, "आई, कॅन्सरच्या पेशी मेल्या!" दुसऱ्या दिवशी शांतपणे बघितलं तर ज्यांत थेंबभरही तेल घातलं नव्हतं, त्या शेजारच्या रांगेतल्या पेशीही गोल होऊन तरंगत होत्या. मला वाटलं बुरशी लागली. प्रयोगशाळेतल्या एका सीनियर मुलीने प्लेटचं झाकण उचललं, वास घेतला आणि म्हणाली, "अगं, ओवा इथपर्यंत येतोय." तेलाची वाफ वेलमधून वेलमध्ये फिरली होती. उडून जाणाऱ्या तेलांचं हे नेहमीचं दुखणं. शिवाय तेल पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते आधी डीएमएसओसारख्या द्रावकात मिसळावं लागतं, आणि द्रावक जास्त झालं तर पेशी त्यानेच मरतात. प्रत्येक वेळी नुसतं द्रावक घातलेली एक रांग शेजारी ठेवली नाही, तर मारेकरी कोण ते कळत नाही.

पेशी मारणं तसं अवघड नाहीच. एकदा पोषकद्रव्य बनवताना माझ्याकडून मीठ दुप्पट पडलं, सगळा फ्लास्क साफ. भांड्यांचा साबण घाला, व्हिनेगर घाला, मरतात. म्हणून असा निबंध हातात आला की मी आधी बघते, निरोगी पेशींवर तेच तेल घातलंय का आणि त्या वाचल्यात का. मग किती प्रमाणाला मेल्या ते बघते. पॅक्लिटॅक्सेल ज्या प्रमाणात पेशी मारतं ते सिट्रालच्या हजाराव्या हिश्श्याहूनही कमी असतं. खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटा मेमोरियलच्या संशोधन केंद्रात, बाहेरच्या संस्थांनी पाठवलेले नमुनेही असे पेशींवर तपासून दिले जातात. तेव्हा बाटलीसोबतच्या कागदावर 'नामांकित प्रयोगशाळेत तपासलेलं' असं असेल तर तपासलेलं असेलही. तपासायला पाठवणं आणि औषध ठरणं यात किती अंतर आहे, ते पुढे येतंच.

तुम्ही विज्ञान शिकलात, म्हणून एक हिशोब मामांच्या बाजूने करून दाखवते. उद्या त्यांनी केला तर तुम्ही गडबडायला नको. २२.२५ मायक्रोमोलर म्हणजे लिटरला साधारण ३.४ मिलिग्रॅम सिट्राल. बाईच्या अंगात तीसेक लिटर पाणी धरा, म्हणजे लागलं शंभर मिलिग्रॅमच्या आसपास. तेलाच्या चार-पाच थेंबांत तेवढं सिट्राल सहज असतं. जमलं की! मीही हा हिशोब पहिल्यांदा केला तेव्हा पेन खाली ठेवून बसले होते.

फसतो तो कुठे, तर पोट आणि यकृत या दोन ठिकाणी. वेलमध्ये पेशी त्या तेलात तासन्‌तास बुडून असतात, त्यांना सोडवायला कोणी नसतं. अंगात मात्र आतड्यातून शोषलेलं सगळं आधी यकृताकडे जातं. सिट्राल हे अल्डिहाइड, यकृताच्या आवडीचा घास. उंदरांवरच्या अभ्यासांत दिसलंय की ते झपाट्याने मोडतं आणि त्याचे तुकडे लघवीवाटे निघून जातात. म्हणजे प्रमाण आलं तरी टिकत नाही. मग टिकवायला दिवसभर घेत राहायचं का? तेही माणसांवर करून झालंय. लव्हेंडरच्या तेलात सापडणारं पेरिलिल अल्कोहोल प्रयोगशाळेत फार आशा दाखवत होतं, उंदरांमधल्या स्तनाच्या गाठीही त्याने आकसल्या. मग अमेरिकेत कॅन्सरच्या रुग्णांना ते कॅप्सूलमधून ग्रॅमच्या हिशोबात, दिवसातून चार-चार वेळा दिलं गेलं. मळमळ, उलट्या, थकवा यांनी लोक हैराण झाले आणि स्तनाच्या कॅन्सरमध्ये अपेक्षित गुण दिसला नाही. सगळं नीट, परवानग्या घेऊन, रक्त तपासत तपासत केलेलं होतं. तेव्हा 'कुणी तपासलंच नाही, औषध कंपन्यांनी दाबलं' असं मामा म्हणाले तर हे उदाहरण द्या.

आईला जळजळ का झाली, तेही लक्षात घ्या. कोमट पाण्यात पाच थेंब म्हटलं की वाटतं पातळ झालं. तेल पातळ होत नाही, वर तरंगतं, आणि पहिल्या घोटाबरोबर जवळजवळ सगळं तसंच्या तसं घशाला आणि अन्ननलिकेला लागतं. सिट्राल त्वचेलासुद्धा झोंबतं. केमोने तोंडाचं आणि आतड्याचं अस्तर आधीच सोलवटलेलं असतं. चहाच्या पातेल्यात टाकलेल्या गवती चहाच्या दोन पात्यांशी याची तुलना करूच नका. आईला चहातला तो वास आवडत असेल तर डॉक्टरांना विचारून दोन पाती खुशाल घाला. बाटली मात्र अजिबात नाही.

आणखी एक. पॅक्लिटॅक्सेलला यकृतातली ठरावीक एन्झाइम्स मोडतात आणि बाहेर काढतात, आणि आईचा डोस त्या वेगाच्या भरवशावर बेतलेला आहे. वनस्पतींमधले अनेक घटक असली एन्झाइम्स अडवतात किंवा चेतवतात. ग्रेपफ्रूटचा रस हे त्याचं गाजलेलं उदाहरण. केमो अंगात जास्त वेळ राहिली तर मुंग्या वाढतात, पांढऱ्या पेशी आणखी उतरतात. म्हणून काढा, चूर्ण, कॅप्सूल, तेल, काहीही असो, डॉक्टरांच्या यादीत हवं.

आता आईचं वाक्य. "झाडपाल्याचं आहे, केमोसारखं विष नाही."

मंगळवारी सलाईनच्या बाटलीतून तिच्या शिरेत जे जातं ते झाडाचंच आहे, हे तिला कुणी सांगितलंय का? १९६२ साली अमेरिकेच्या वायव्येकडच्या जंगलात एका सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञाने यू नावाच्या झाडाची साल गोळा केली. सरकारचा वनस्पती तपासायचा मोठा कार्यक्रम चालू होता, त्यात सुमारे ३५ हजार वनस्पतींचे नमुने पेशींवर आणि उंदरांवर तपासले गेले. त्यातून पुढे नाव काढलेली औषधं एका हाताच्या बोटांवर मोजावीत. ही साल उत्तर कॅरोलायनातल्या एका संशोधन संस्थेत मन्‍रो वॉल आणि मनसुख वाणी यांच्याकडे आली. हे वाणी आपल्या नंदुरबारचे. १९२५ साली तिथे जन्मले, मुंबई विद्यापीठात शिकले, मग अमेरिकेला गेले. बारा किलो सालीतून जेमतेम अर्धा ग्रॅम शुद्ध पदार्थ निघाला. त्याची रचना त्यांनी १९७१ मध्ये छापली. तो पेशी कशाने मारतो हे न्यूयॉर्कच्या सुझन हॉर्विट्झ यांनी १९७९ मध्ये शोधलं. पेशी दुभंगताना आतमध्ये जो सांगाडा उभा राहतो तो पॅक्लिटॅक्सेल जखडून टाकतं, सांगाडा सुटत नाही आणि पेशी मरते. आईच्या बोटांच्या मुंग्याही त्याच गुणामुळे, कारण नसांच्या लांब तंतूंनाही तोच सांगाडा लागतो.

हा पदार्थसुद्धा मामांच्या तेलासारखाच पाण्यात विरघळत नव्हता. शेवटी एरंडेलापासून बनवलेल्या एका द्रावकात तो विरघळवला. त्या द्रावकाने पहिल्या रुग्णांना इतकी रिॲक्शन आली की औषध तिथेच बारगळायची वेळ आली होती. केमोच्या आधी आईला स्टिरॉइड आणि ॲलर्जीचं इंजेक्शन देतात ना, ते त्यासाठी. परवानगी मिळाली १९९२ मध्ये, तीही आधी अंडाशयाच्या कॅन्सरसाठी. साल काढल्यापासून तीस वर्षं. सालीसाठी झाडं संपायला आली, तेव्हा यूच्याच दुसऱ्या जातीच्या पानांमधल्या घटकापासून ते बनवायची युक्ती निघाली.

वॉल आणि वाणी यांनी त्याआधी १९६६ मध्ये एका चिनी झाडातून कॅन्सरच्या पेशींवर चालणारं कॅम्प्टोथेसिन शोधलं होतं. पुढे तेच आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या नावाच्या झाडात सापडलं, आणि मग नरक्याच्या चोरट्या तोडीने कोकणात, महाबळेश्वरच्या बाजूला काय धिंगाणा झाला ते जंगलखात्याला विचारा. अंगणातल्या सदाफुलीतून निघालेलं व्हिन्क्रिस्टिन लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये १९६३ पासून वापरतात. त्याची सुरुवात मधुमेहावरचा झाडपाला म्हणून जमैकाहून कॅनडात आलेल्या पानांपासून झाली. साखर काही उतरली नाही, पण उंदरांच्या पांढऱ्या पेशी उतरल्या, आणि शोधणाऱ्यांनी ते बरोबर हेरलं.

हे सगळं आईला व्याख्यानासारखं ऐकवू नका. नंदुरबारच्या माणसाने शोधलेलं सालीचं औषध, एवढं सांगितलंत तरी पुरे. माझ्या अनुभवात बायकांना ही गोष्ट आवडते. सलाईनच्या बाटलीकडे बघायची नजर थोडी बदलते.

"उरलेल्या आठ नकोत" हे मात्र हलक्यात घेऊ नका. अमेरिकेत २०१८ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात, बऱ्या होण्याजोग्या टप्प्यावर असूनही नेहमीचे उपचार सोडून फक्त पर्यायी उपचार घेतलेल्या रुग्णांची तुलना उपचार घेतलेल्यांशी केली होती. स्तनाच्या कॅन्सरमध्ये मृत्यूचा धोका साडेपाच पटींहून जास्त निघाला. त्याच गटाच्या दुसऱ्या अभ्यासात नेहमीचे आणि पर्यायी असे दोन्ही उपचार एकत्र घेणारे होते. त्यांच्यातले जास्त लोक पुढे ऑपरेशन, केमो किंवा रेडिएशनला नकार देत होते आणि म्हणून मागे पडत होते. तुमच्या घरात नेमकी तीच वाट निघते आहे. आईला केमो का नको वाटते ते तेलाचा विषय न काढता विचारा. बहुतेक उत्तर मुंग्या, झोप किंवा जेवण यांत मिळेल, आणि या तिन्हींवर डॉक्टरांकडे करण्यासारखं काहीतरी असतं. मुंग्या वाढल्या तर डोस कमी करता येतो, मध्ये थांबताही येतं. ते ठरवायला त्यांना मुंग्या किती आहेत हे कळायला हवं. शर्टाची बटणं लावता येतात का, चप्पल पायातून निसटते का, हे लिहून न्या. आणि थर्मामीटर घरात हवाच. १००.४ फॅरनहाइट किंवा त्यावर ताप गेला तर रात्री दोन वाजलेले असले तरी दवाखाना गाठायचा, आधी क्रोसिन देऊन वाट बघायची नाही.

राहिले मामा. बहिणीला एवढा आजार झाल्यावर भाऊ हात बांधून बसू शकत नाही, म्हणून बाराशे रुपये घेऊन धावला. त्यांना हरवायला जाऊ नका. पुढच्या मंगळवारी गाडी तेच काढतील असं बघा, बाटली त्यांच्याच खिशात द्या आणि डॉक्टरांना तुम्हीच विचारा म्हणा. भाचीकडून नाही ऐकणार, पण डॉक्टरांनी समोर बसवून दोन मिनिटं सांगितलं तर ऐकतील. नंतर बराच वेळ सलाईन चालते, तेव्हा बहिणीजवळ बसायला माणूस लागतोच. वाणींची गोष्ट त्यांनाच सांगू दे.

तेल वाया जातंय म्हणून कुणाला हळहळ वाटत असेल तर व्हरांड्याच्या लादीच्या पाण्यात चार थेंब टाका, डास जरा कमी येतात. आईच्या खोलीत मात्र नको, आणि केमोच्या आधल्या-मागल्या दिवशी तर घरातसुद्धा नको. त्या दिवसांत तिला फोडणीचा वासही सोसत नसेल.